सोनेगाव ते वर्धा: उड्डाणानंतर सुटलेली रेघ मोजून परत धरण्याची कृती

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून वर्धा शहर गाडीरस्त्याने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडते, पण सरळ रेषेत मोजले तर अंतर भरते साधारण ६० किलोमीटर. वैमानिकी शिकणाऱ्यासाठी हा साठचा आकडा फार सोयीचा आहे. साठ किलोमीटर गेल्यावर एक अंशाची चूक बाजूला एक किलोमीटर होऊन बसते. म्हणजे सोनेगावहून निघताना दिशा एका अंशाने चुकली, तर वर्ध्यापाशी विमान एक किलोमीटर बाजूला, पाच अंशांनी चुकली तर पाच किलोमीटर. फ्लाइंग स्कूलमध्ये ‘एकास साठ’ म्हणून जो नियम पहिल्याच महिन्यात शिकवतात, तो इथे गुणाकार-भागाकाराशिवाय समोर उभा राहतो.

निघतानाची चूक कोनाची असते आणि कोन लहान असताना ती डोळ्यांना दिसत नाही. सोनेगावपासून सहा किलोमीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. तेवढ्यात कोणाला शंका येत नाही. तीच चूक सेलूच्या पुढे चार किलोमीटरांची झालेली असते. म्हणून ती लवकर पकडायची, मोजायची आणि जेवढी मोजली तेवढीच दुरुस्त करायची. अंदाजाने ‘थोडे उजवीकडे घेऊ’ असे केले की पहिल्या चुकीवर दुसरी चढते आणि मग नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही.

पुढची कृती लहान प्रशिक्षण विमानासाठी आहे आणि ती आधी घरी टेबलावर करायची आहे. वर्धा, सेलू, हिंगणघाट, आर्वीकडची जी मुले-मुली वैमानिक व्हायचे म्हणून परीक्षांची पुस्तके वाचत आहेत, त्यांना पुस्तकातल्या अनोळखी गावांपेक्षा आपल्या गावांवर हा हिशेब लवकर उमजेल. प्रत्यक्ष उड्डाणात प्रशिक्षकाचा आणि नागपूर एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) शब्द या लेखातल्या प्रत्येक आकड्याच्या वर आहे.

साहित्य

१:२,५०,००० प्रमाणाचा नकाशा. त्यावर आपली रेघ सुमारे २४ सेंटिमीटर येते आणि एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. पूर्ण ३६० अंशांचा पारदर्शक कोनमापक, लांब पट्टी, टोकदार पेन्सिल, खोडरबर, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि वही. उड्डाणाच्या दिवशी यात हवामानाचा अहवाल, विमानाचे कंपास-कार्ड आणि चालू आवृत्तीचा हवाई चार्ट यांची भर पडते. विमानवाहतुकीची अधिकृत माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलते. मागच्या वर्षी उतरवून ठेवलेली पीडीएफ घेऊन विमानात बसू नये.

नकाशाचे साल बघा, हे मी मुद्दाम सांगतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि वर्धा–कळंब रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या नकाशावर या दोन्ही ठळक रेघा नाहीत. वरून दिसणारी सगळ्यात मोठी खूण नकाशावर नसली की नवशिक्या माणूस स्वतःवरचा नाही तर नकाशावरचा विश्वास घालवून बसतो. कागदावर त्या आधी पेन्सिलने भरून घ्या.

वर्धा जिल्ह्याचा आणि अचूक कोन मोजण्याचा संबंध जुना आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्याने भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, तो विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. भारताच्या नकाशाखालचा सांगाडा त्याच्या कामातून उभा राहिला. वर्ध्याच्या विद्यार्थ्याने कोनमापक हातात घेताना हे माहीत असलेले बरे.

पहिली पायरी: रेघ आखा

विमानतळ ते वर्धा शहर पेन्सिलने सरळ रेघ ओढा. कोनमापकाचे केंद्र रेघेच्या मधोमध ठेवा, त्याची उत्तर-दक्षिण रेषा नकाशावरच्या रेखावृत्ताशी जुळवा आणि कोन वाचा. उत्तर २३० अंशांच्या जवळ यायला हवे, म्हणजे नैर्ऋत्य. तुम्हाला ५० आले असेल तर रेघ उलटी वाचली, त्यात १८० मिळवा. ही चूक परीक्षेतही होते आणि विमानातही.

अंतर नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच्या अक्षांशाच्या खुणांवर मोजा, वरच्या कडेवर कधीही नाही. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. आपली रेघ साडेबत्तीस नॉटिकल मैलांच्या आसपास भरते. तिच्यावर दर १० किलोमीटरला आडवी खूण करा.

पुस्तकांत यानंतर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक वजा करण्याचे मोठे प्रकरण येते. नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात हा फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे या रेघेसाठी तो सोडून देता येतो. दुसऱ्या प्रदेशात शिकायला गेलात तर मात्र सोडू नका. तिथे तो दहा-पंधरा अंशांचाही असू शकतो.

दुसरी पायरी: पंखा काढा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि मला ती सगळ्यांत कामाची वाटते. विमानतळाच्या बिंदूपासून मूळ रेघेच्या दोन्ही बाजूंना ५ अंश आणि १० अंशांच्या तुटक रेघा काढा. तशाच चार रेघा वर्ध्याच्या बिंदूपासून उलट दिशेने काढा. दोन पंखे समोरासमोर उघडल्यासारखे दिसतील. हवेत पट्टी-कोनमापक काढायला वेळ नसतो. खाली ओळखीचे गाव दिसले की ते पंख्याच्या कोणत्या पात्यात येते एवढे बघितले तरी चुकीचा कोन थेट वाचता येतो.

आता गावे लावून बघा. केळझर, सेलू, पवनार ही नागपूर–वर्धा रस्त्यावरची गावे रेघेच्या आसपास, बहुतेक किंचित डावीकडे येतात. पवनारला धाम नदीचे वळण आणि काठावरचा विनोबांचा आश्रम ही चांगली खूण. डावी पाच अंशांची रेघ सेवाग्रामच्या जवळून जाते. म्हणजे वर्ध्याला निघालेले विमान सेवाग्रामच्या डोक्यावर आले, तर ते साधारण पाच अंशांनी आणि साडेचार-पाच किलोमीटरांनी डावीकडे सरकले आहे असे समजायचे.

रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या खुणा लाल पेन्सिलने गोल करा. उजवीकडे बोर धरणाचे पाणी आणि भोवतीचे बोर व्याघ्रप्रकल्पाचे जंगल. डावीकडे लोहमार्गावरचे सिंदी रेल्वे. दोन्ही सोनेगावपासून चाळीसेक किलोमीटरवर आणि रेघेपासून बारा-तेरा किलोमीटर बाजूला आहेत. बोरचे पाणी उजव्या खिडकीत लांब चमकत असेल तर ठीक. ते नाकासमोर आले तर विमान फार उजवीकडे गेले. सिंदी समोर आली तर फार डावीकडे. विमान या दोन खुणांच्या आत असेल तोवर बारीक हिशेब चालू ठेवायचा.

तिसरी पायरी: वाऱ्याचा हिशेब

निघताना वाट सुटण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण वारा. विमानाचे नाक २३० वर धरले म्हणजे विमान जमिनीवर २३० च्या वाटेने जाते असे नाही. हवा सरकते तसे विमान तिच्यासोबत सरकते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे नैर्ऋत्येला जाणाऱ्या विमानाच्या उजव्या खांद्यावर.

उदाहरण घेऊ. विमानाचा हवेतला वेग १०० नॉट (तासाला १०० नॉटिकल मैल), वारा २९० अंशांकडून २० नॉट. वाऱ्याचा वेग गुणिले साठ भागिले विमानाचा वेग, म्हणजे १२. हा जास्तीत जास्त सरकण्याचा कोन, वारा अगदी काटकोनात असता तर. आपल्या वाटेत आणि वाऱ्यात ६० अंशांचा कोन आहे, त्यामुळे १२ चे साधारण नऊ दशांश घ्यायचे. कोन ३० असता तर निम्मे, ४५ असता तर सात दशांश. उत्तर दहाच्या थोडे वर येते, दहा धरा. वारा उजवीकडून, म्हणून नाक उजवीकडे. २३० अधिक १०, हेडिंग (नाकाची दिशा) २४०.

याच वाऱ्यात हेडिंग २३० च ठेवले तर काय होईल तेही नकाशावर काढा. विमान अकरा अंशांनी डावीकडे वाहते. वर्धा यायच्या वेळेला ते शहरापासून ११ किलोमीटरवर, सेवाग्रामच्याही पलीकडे हिंगणघाटच्या बाजूला असेल. यात वैमानिकाने काही चुकीचे ‘केले’ नाही, फक्त एक बेरीज केली नाही.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा भाग १० नॉट आहे आणि नाक वाऱ्याकडे वळवल्याने आणखी थोडा वेग जातो, म्हणून जमिनीवरचा वेग ८८ नॉटच्या आसपास, मिनिटाला २.७ किलोमीटर. अर्ध्या वाटेला ११ मिनिटे, वर्ध्याला २२. हे दोन आकडे वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.

एक सावधगिरी. टॉवर सांगतो तो वारा धावपट्टीवरचा. दोन-तीन हजार फुटांवर तो बहुधा जोरदार असतो आणि दिशाही बदललेली असते. वाटेचा हिशेब वरच्या वाऱ्यावर करा.

चौथी पायरी: कंपास

विमानातला लोखंडी भाग, तारा आणि रेडिओ यांच्यामुळे कंपास थोडा खोटे बोलतो आणि प्रत्येक दिशेला वेगवेगळे. तो किती खोटे बोलतो हे जमिनीवर विमान फिरवून तपासतात आणि छोट्या कार्डावर लिहून कंपासजवळ लावतात. कार्डावर २४० साठी २३८ लिहिले असेल तर २३८ धरा. दोन अंश म्हणजे वर्ध्याला दोन किलोमीटर, हे आता सांगायला नको. मोबाइल, हेडफोन किंवा धातूची वस्तू कंपासशेजारी ठेवली तर ते कार्ड निरुपयोगी होते. इंजिन सुरू करण्याआधी तिथे हात फिरवून जागा मोकळी असल्याची खात्री करावी.

पाचवी पायरी: धावपट्टीवर उभे असताना

सोनेगावची धावपट्टी १४ आणि ३२ या आकड्यांनी ओळखतात. एकीकडून उडाल्यास दिशा साधारण १४० अंश, उलटीकडून ३२०. हा आकडा गोल केलेला असतो, नेमकी दिशा चार्टवर बघून ठेवा. विमान मधल्या पांढऱ्या रेषेवर सरळ उभे राहिले की दिशादर्शक जायरो त्या नेमक्या आकड्याशी ताडून पाहा. उभ्या आयुष्यात याहून भरवशाची तपासणी मिळत नाही, कारण धावपट्टी हलत नाही. जायरो पाच अंश मागे-पुढे असेल तर तिथेच जुळवा. तो हवेत हळूहळू सरकतो, म्हणून पुढे दर दहा-पंधरा मिनिटांनी, विमान सरळ आणि समतल असताना कंपासशी पुन्हा ताडून घ्या. वळणात किंवा वेग वाढत असताना ताडू नका, त्या वेळी कंपास स्थिर नसतो.

आणि आपण ज्या धावपट्टीची परवानगी घेतली तिच्यावरच उभे आहोत का, हेही याच एका नजरेत कळते.

सहावी पायरी: उड्डाण आणि पहिले वळण

उडाल्यावर सुरक्षित उंची येईपर्यंत नकाशाकडे बघायचे नाही. सोनेगावच्या इतिहासात याचा जड दाखला आहे. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि चारी दिशांना परत जात. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे यांतले मद्रासला निघालेले डकोटा विमान उडताच कोसळले आणि १३ जणांचे प्राण गेले. तिथे वाट चुकली नव्हती, एक इंजिन निकामी झाले होते. उडाल्यानंतरची पहिली मिनिटे विमानाची असतात, नकाशाची नाहीत.

आता वळण. ३२ ने उडाल्यास विमान वाडीच्या बाजूला चढते आणि २३० साठी ९० अंश डावीकडे वळावे लागते. १४ ने उडाल्यास ते उमरेडच्या बाजूला चढते आणि ९० अंश उजवीकडे वळावे लागते. सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या गतीने दोन्ही वळणे ३० सेकंदांची. घड्याळ लावा, वळणाच्या शेवटी आकडा जुळला नाही तर तिथेच कळते.

इथे एक चूक दडलेली असते आणि ती वाऱ्याची नसते. सरळ चढून वळण पूर्ण होईपर्यंत विमान विमानतळापासून साधारण तीन किलोमीटर पुढे गेलेले असते. ३२ ने गेलात तर आपल्या रेघेच्या तीन किलोमीटर उजवीकडे, १४ ने गेलात तर तेवढेच डावीकडे. तिथून २३० धरून अचूक गेलात तरी रेघेला समांतर जाल आणि वर्धा तीन किलोमीटर बाजूला राहील. म्हणून नकाशावर आणखी दोन बिंदू घ्या, धावपट्टीच्या रेषेत विमानतळापासून तीन किलोमीटर वायव्येला एक आणि आग्नेयेला एक. दोन्हींपासून वर्ध्याला रेघ ओढून कोन मोजा. वायव्येच्या बिंदूपासून २२७ येईल, आग्नेयेच्या बिंदूपासून २३३. म्हणजे धावपट्टी शेवटच्या क्षणी बदलली तर तुमची वाट सहा अंशांनी बदलते. वहीत दोन्ही हिशेब आधीच तयार हवेत. पुढचे आकडे सोयीसाठी २३० धरूनच लिहितो.

एटीसीने वेगळी दिशा दिली तर ती घ्यायची, शब्दशः परत वाचून दाखवायची आणि किती वाजता घेतली ते लिहायचे. ऐकू नीट आले नसेल तर ‘से अगेन’ म्हणायचे. एका अंकाचा अंदाज करून वळणे हे निघतानाच्या चुकांचे एक कारण आहे. ‘टू थ्री झीरो’ आणि ‘टू टू झीरो’ रेडिओच्या खरखरीत वेगळे काढणे सोपे नसते.

सातवी पायरी: पहिली तपासणी लवकर

वळण संपवून हेडिंग धरल्यापासून चार-पाच मिनिटांत, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर, खाली बघा. क्रम असा ठेवा: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. या वेळेला मी कुठे असायला हवे ते नकाशावर बोटाने धरायचे आणि मग ती खूण खाली शोधायची. उलटे केले, म्हणजे खाली एखादे गाव बघून ते नकाशावर शोधायला लागलात, तर मन हवे ते गाव जुळवून देते. कपाशी आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये कौलारू-सिमेंटची गावे वरून एकमेकींसारखीच दिसतात. एका खुणेवर विश्वास ठेवू नका, तीन जुळवा: नदीचे वळण, रस्त्याचा फाटा, तलावाचा आकार.

रूळ आणि महामार्ग धरून जाण्याचा मोह या वाटेवर फार होतो. रूळ नागपूरहून आधी दक्षिणेला बुटीबोरीकडे जातो, मग सिंदीवरून सेवाग्रामला येतो आणि तिथे फुटतो. एक फाटा वर्ध्यावरून मुंबईकडे, दुसरा हिंगणघाटवरून बल्लारशाहकडे. धुरकट हवेत डावा फाटा धरला तर माणूस निश्चिंत मनाने दक्षिणेला निघून जातो, कारण रूळ तर खाली दिसतच असतो. समृद्धीचे उलट. ती येळाकेळीजवळून, वर्धा शहराच्या उत्तरेकडून पुढे जाते. तिचाच माग काढत राहिलात तर शहर डावीकडे मागे पडेल. या दोन रेघांचा उपयोग ओलांडताना खूण म्हणून करा, आणि प्रत्येक वेळी त्यांची दिशा कंपासशी ताडा.

आठवी पायरी: मोजा आणि वळा

समजा ३६ किलोमीटर झाले आणि तीन खुणा जुळवून खात्री पटली की विमान रेघेच्या तीन किलोमीटर डावीकडे आहे. हेडिंग २४० बरोबर धरले होते, म्हणजे वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला.

झालेली चूक: तीन गुणिले साठ भागिले ३६, म्हणजे ५ अंश. एवढे उजवीकडे वळलात तर विमान आणखी वाहणे थांबेल, पण ते रेघेला समांतरच जाईल. वर्ध्याला पोचायचे तर उरलेल्या २४ किलोमीटरांत ते तीन किलोमीटर भरून काढायला हवेत. तीन गुणिले साठ भागिले २४, साडेसात अंश. दोन्हींची बेरीज साडेबारा. बारा अंश उजवीकडे, नवे हेडिंग २५२. वर्धा दिसेपर्यंत हेच ठेवा आणि मध्ये पुन्हा हात लावू नका.

पंखा काढला असेल तर यातला भागाकार करावाच लागत नाही. विमानतळाकडच्या पंख्यावर पहिला कोन, वर्ध्याकडच्या पंख्यावर दुसरा, दोन्ही वाचून बेरीज. अगदी अर्ध्या वाटेवर, ३० किलोमीटरला तपासलेत तर दोन्ही कोन सारखे येतात आणि पहिल्याची दुप्पट केली की झाले. म्हणून ११ व्या मिनिटाची तपासणी कधीही चुकवू नये.

चूक तीन अंशांच्या आत असेल तर अजून दोन खुणा बघून मगच दुरुस्ती करा. एवढी चूक तुमच्या हात धरण्यातलीच असू शकते.

नववी पायरी: खुणा जुळतच नसतील तर

बाविसाव्या मिनिटाला वर्धा नाही, चोविसाव्याला नाही. इथून पुढे ‘अजून थोडे’ म्हणत जाऊ नका. एटीसीची परवानगी घेऊन उंची वाढवा, जास्त मुलूख दिसेल आणि रेडिओ लांब पोचेल. शेवटची खात्रीची जागा आणि वेळ नकाशावर लिहा. नागपूरला स्पष्ट सांगा की जागा निश्चित नाही. स्टेशनची पाटी वाचायला खाली उतरू नका. आपल्याला वाटले त्या दिशेने जोरात निघू नका. कोणी उत्तर देत नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ ही आपत्कालीन वारंवारिता आहे. वाट सुटल्याचे लगेच सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी हुशार समजतो, लपवणाऱ्याला विमान एकट्याने देऊ नये.

मोठ्या विमानांचे

प्रवासी विमानांत हा हिशेब संगणक करतो. निघण्याची वाट ठरलेली आणि नाव दिलेली असते, आणि आधुनिक पद्धतीत विमानाने ९५ टक्के वेळ त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एक नॉटिकल मैलाच्या आत राहावे अशी अपेक्षा असते. तिथली चूक बहुधा बोटांची असते: धावपट्टी बदलली पण संगणकात जुनीच राहिली, किंवा वाट भरली पण ऑटोपायलट ती पाळण्याच्या स्थितीत गेलाच नाही. १ सप्टेंबर १९८३ चे कोरियन एअर लाइन्सचे ००७ विमान याच दुसऱ्या प्रकाराने गेले. अँकरेजहून उडाल्यावर काही मिनिटांतच ते वाटेपासून उजवीकडे सरकू लागले, कारण ऑटोपायलट नुसते हेडिंग धरून बसला होता. अलास्काचा किनारा यायच्या आत फरक वीस किलोमीटरांवर गेला होता. कोणी ताडून पाहिले नाही. शेवटी ते सोव्हिएत हद्दीत गेले, पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. म्हणून तिथेही कृती तीच: प्रत्येक बिंदू छापील चार्टशी वाचून जुळवा, आणि उडाल्यावर समोरच्या पडद्यावर कोणती स्थिती चालू आहे ते मोठ्याने म्हणा. उपग्रहाच्या खोट्या संकेतांचा धोका आता भारताच्या आकाशातही आहे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल परिपत्रक काढले. जीपीएस आणि घड्याळ-नकाशा यांचे जुळत नसेल तर जीपीएसला आपोआप खरे मानू नका.

खाली उभे राहून बघणाऱ्यांसाठीही एक ओळ. विमान नेहमीच्या जागेवरून गेले नाही म्हणजे ते चुकले असे नसते. ढग टाळायला किंवा दुसऱ्या विमानापासून अंतर ठेवायला एटीसी दिशा बदलून देते आणि पावसाळ्यात हे रोजचे असते.

शेवटचे काम: नोंद

उतरल्यावर त्याच दिवशी वहीत पाच गोष्टी लिहा: ठरवलेले हेडिंग, धरलेले हेडिंग, कोणत्या मिनिटाला किती किलोमीटर कोणत्या बाजूला होतो, किती अंश वळलो, शेवटी कुठे पोचलो. मग चुकीचे कारण चारपैकी कोणते ते ठरवा: वारा, कंपास, पहिले वळण की ऐकण्यातली चूक. दहा उड्डाणांच्या नोंदी झाल्या की आपला हात कोणत्या बाजूला ओढतो ते स्वच्छ दिसू लागते. चूक हद्दीबाहेरची असेल तर प्रशिक्षकाला सांगून अहवाल द्या. डीजीसीएकडे स्वेच्छेने सुरक्षा-अहवाल देण्याचीही सोय आहे.

विमान हाती यायला वेळ असेल तर आजच नकाशा घेऊन पहिल्या तीन पायऱ्या करा. वारा बदलून बघा: हिवाळ्यातला ईशान्येचा, उन्हाळ्यातला वायव्येचा. प्रत्येक वाऱ्यासाठी दोन्ही धावपट्ट्यांचे हेडिंग आणि वर्ध्याला पोचण्याचे मिनिट काढा, आणि ते कागद फ्लाइंग स्कूलच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकासमोर ठेवा.